टायटॅनियमचं काम घेण्याआधी : जॉबवर्कवाल्या मालकांना खुलं पत्र

भोसरी, चाकण, अंबड, सातपूर आणि आसपासच्या वर्कशॉपमालकांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या दोन वर्षांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. कुणी फोनवर, कुणी लग्नाच्या पंगतीत. एक जण तर माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सफरचंदं घेऊन भेटायला आला आणि डोळ्याची चौकशी आटोपून मुद्द्यावर आला. "विमानाच्या पार्टची एन्क्वायरी आलीय. टायटॅनियम आहे, थोडं इनकोनेल आहे. फाइव्ह-ॲक्सिस घ्यावी म्हणतोय. कुठली घेऊ?"

मी आयटीआयचा टर्नर. लेथवर उभा राहिलो, सेटर झालो, सुपरवायझर झालो, आणि शेवटची अकरा वर्षं टूल विकणाऱ्यांच्या बाजूने गावोगावच्या कारखान्यांत ट्रायल घेत हिंडलो. इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचा, धातू कापणारा छोटा तुकडा) जाळणं हा माझा पगारी उद्योग होता म्हणा ना. त्यामुळे मशीनबद्दल मला मतं आहेत, आणि ती मी चहाबरोबर फुकट देतो. पण तुमच्या प्रश्नाला मी दर वेळी उलट प्रश्न विचारला आणि दर वेळी समोरचा गप्प झाला किंवा हसला. म्हणून आता सगळ्यांना मिळून एकदाच लिहितो.

माझा प्रश्न असा: रात्रपाळीला, तुम्ही घरी झोपलेले असताना, चालू कटमध्ये मशीन थांबवायची मुभा तुमच्या कारखान्यात कोणाला आहे? आणि थांबवल्यावर सकाळी त्याचं काय होतं?

हा प्रश्न आगाऊ वाटेल, पण तो या धातूंच्या स्वभावातूनच येतो.

टायटॅनियम कडक असतं म्हणून कापायला अवघड, असा आपल्याकडे समज आहे. विमानात सगळ्यात जास्त लागणारं सिक्स-फोर, म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियमवालं, कडकपणाच्या मापात साधारण ३५ रॉकवेलच्या आसपास भरतं. तेवढं टफन केलेलं ईएन-२४ स्टील तुमची पोरं गाणी ऐकत कापतात. अडचण कडकपणाची नाही, उष्णतेची आहे. साध्या कार्बन स्टीलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ५० धरली तर या टायटॅनियमची जेमतेम ७ येते. स्टील कापताना बहुतेक उष्णता चिपबरोबर ट्रेमध्ये जाऊन पडते. निळी-जांभळी चिप दिसली की आपण खूश. टायटॅनियममध्ये उष्णतेला जायला वाट नाही, ना चिपमधून ना जॉबमधून. ती इन्सर्टच्या टोकाशी, मिलिमीटरभराच्या जागेत साठत राहते. त्यात तापलेल्या टायटॅनियमला कशालाही चिकटायचा सोस. चिप कडेला वेल्ड होते आणि सुटताना इन्सर्टच्या कार्बाइडचा कण सोबत घेऊन जाते. शिवाय हा धातू लवतो. त्याचा ताठपणा स्टीलच्या निम्म्याच्या आसपास. पातळ भिंत टूलच्या दाबाने मागे सरते, टूल पुढे गेलं की परत येते आणि इन्सर्टच्या पाठीला घासते.

इनकोनेल ७१८ चा स्वभाव वेगळा आणि माझ्या मते जास्त खडूस. जेट इंजिनच्या गरम भागासाठी घडवलेला हा निकेलचा मिश्रधातू साडेसहाशे अंशांपर्यंत ताकद सोडत नाही. इंजिनवाल्याला जे गुण हवेत, तेच आपल्या इन्सर्टच्या मुळावर येतात: कटिंगच्या जागेवर स्टील तापून मऊ होतं, हा होत नाही. वर हा घासला की चिडतो. टूल त्याच्यावर नुसतं रेंगाळलं तरी तेवढी जागा कडक होऊन बसते. "फीड कमी कर, टूल वाचेल" ही स्टीलवर कमावलेली अक्कल (फीड म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग) इथे अंगलट येते. फीड फार कमी केला की चिप कापली जात नाही, घासली जाते, आणि मागच्या दाताने केलेली ती कडक साल पुढच्या दाताला कापावी लागते. दर पासला डेप्थ तीच ठेवली, तर जॉबचा पृष्ठभाग इन्सर्टला जिथे भिडतो त्याच रेषेवर खाच पडते आणि बाकीची कड नवीकोरी असताना इन्सर्ट तिथून तुटतो. म्हणून जाणकार सेटर डेप्थ बदलत राहतो, किंवा गोल इन्सर्ट लावतो, किंवा टूल उतरतं चालवतो, म्हणजे झीज एका रेषेवर न राहता पसरते.

स्टीलमध्ये कड म्हातारी होताना दिसते. फिनिश उतरतं, साइज दोन-चार मायक्रॉन सरकते, ऑपरेटर ऑफसेट मारतो (टूलची जागा तेवढी सरकवतो), अजून पन्नास जॉब निघतात. या धातूंमध्ये कड ठीक असते, ठीक असते, ठीक असते आणि मग काही सेकंदांत संपते. आणि ती संपायच्या जरा आधीच जॉबला जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. गेज लावा, सीएमएमवर (मापं घेणाऱ्या मशीनवर) न्या, काही दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, जग पुढे गेलंय, टूल सुधारली, मशीनं सुधारली. खरं आहे. त्याचंही सांगतो, कारण त्यातलं निम्मं तुम्हाला विकलं जाणार आहे आणि त्यातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही.

१९६०च्या दशकात अमेरिकेत लॉकहीडने ब्लॅकबर्ड हे टेहळणी विमान बनवलं. त्याचा सांगाडा आणि कातडी बहुतांश टायटॅनियमची. सुरुवातीला एका ड्रिलने १७ भोकं पाडली की ते भंगारात जायचं. काम संपता संपता तेच लोक एका ड्रिलने शंभर भोकं पाडून, धार लावून, परत वापरत होते. मधल्या काळात त्यांनी ड्रिल आणि कापण्याची पद्धत सुधारत नेली. याच विमानाची दुसरी हकिकत मला जास्त आवडते. स्पॉट वेल्डिंगचे काही पॅनेल लवकर फुटत होते आणि ते सगळे उन्हाळ्यात बनलेले होते. हिवाळ्यातले टिकत होते. शोध घेता घेता कळलं की उन्हाळ्यात शेवाळ होऊ नये म्हणून बरबँक शहराच्या पाण्यात क्लोरीन वाढवत होते आणि पॅनेल त्याच पाण्याने धुतले जात होते. आज तुमचा ग्राहक कूलंटमध्ये क्लोरीन चालणार नाही असं लिहून देतो, तेव्हा "हे परदेशी लोक उगाच नखरे करतात" असं म्हणू नका. आणि कूलंटच्या टाकीत कुठलं पाणी भरता तेही एकदा तपासून घ्या.

तेव्हापासूनच्या सुधारणांमध्ये माझ्या डोळ्यांनी फरक पाहिला तो मुख्यतः दोन गोष्टींत.

पहिली जास्त दाबाचं कूलंट. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. इथे ७० बारचा बारीक झोत नेमका चिप आणि इन्सर्टच्या मध्ये घुसवतात. साध्या पंपाचं कूलंट टायटॅनियमच्या कटपर्यंत पोचतच नाही, वाटेत त्याची वाफ होते आणि ती वाफच पांघरूण बनून बसते. ७० बारचा झोत ते पांघरूण फाडतो, चिपला पाचरीसारखा उचलतो आणि तोडतो. लांबलचक गुंतलेली चिप ओढायला हूक घेऊन उभा राहणारा ऑपरेटर मोकळा होतो. पैसा खर्च करायचाच असेल तर आधी इथे करा.

दुसरी गोष्ट तर फुकटातली आहे: कट घेण्याची पद्धत. १२ मिलिमीटरच्या एंडमिलने खाचा मारताना आपण पूर्ण रुंदी घुसवतो, प्रत्येक दात अर्धा फेरा धातूतच असतो. त्याऐवजी रुंदी १ मिलिमीटर ठेवा आणि खोली पूर्ण २४ घ्या, टूल गोलगोल वळसे घेत पुढे जाऊ द्या. आता दात ३६० अंशांपैकी जेमतेम ३४ अंश धातूत असतो आणि उरलेला फेरा थंड होत फिरतो. चिपही पातळ होते, म्हणून फीड पावणेदोनपट करता येतो. कापण्याचा वेग मिनिटाला ५० मीटरवरून दुप्पट करूनही कड टिकते. कॅमच्या, म्हणजे मशीनचा प्रोग्राम बनवायच्या, सॉफ्टवेअरमध्ये ही पद्धत बहुधा आधीच आहे. तुमचा प्रोग्रामर ते बटण दाबत नाही एवढंच. मशीन विकणारा तुम्हाला २० हजार फेऱ्यांचा स्पिंडल दाखवेल. १२ मिलिमीटरचं टूल ५० मीटरने चालवायला १३२५ फेरे लागतात. शंभरने चालवलं तरी २६५० होतात. ५० मिलिमीटरचा फेस कटर तर ५० मीटरला ३१८ फेऱ्यांवर चालतो. वेगवान स्पिंडल ॲल्युमिनियमसाठी. टायटॅनियमला खालच्या फेऱ्यांवर जोर हवा आणि मशीनचं अंग जड हवं. तुमच्या शेडमध्ये कोपऱ्यात पडलेलं जुनं बॉक्सवेवालं (जाड, चौकोनी सरकपट्ट्यांचं) मशीन कदाचित जास्त कामाचं निघेल.

बाकीचं भराभर. इनकोनेलला सिरॅमिक इन्सर्ट लावले की कार्बाइडचे ३०-४० मीटर सोडून २०० ते ३०० मीटरने रफिंग होतं. ते चालू असताना बघण्यासारखं असतं, कट लालभडक दिसतो. पण पृष्ठभागावर बिघडलेला थर राहतो, तेव्हा फिनिशला माल शिल्लक ठेवून कार्बाइडकडे परत यावंच लागतं. उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन टूलमधून सोडणारी मशीनंही आहेत. तुम्हाला लागणार नाहीत, निदान माझ्या हयातीत. कार्बन फायबरचं काम आलं तर तो वेगळाच संसार: बोईंग ७८७ मध्ये वजनाने निम्मं कंपोझिट आणि १५ टक्के टायटॅनियम आहे, दोन्हीच्या थप्पीतून एकाच वेळी भोक पाडावं लागतं, वरचा थर घासून कड खातो, खालचा तापवून, आणि टायटॅनियमची चिप वर येताना कंपोझिटचं भोक खरवडते. त्यावर हिऱ्याचा मुलामा दिलेली ड्रिलं आहेत, गोल फिरत भोक पाडणारी पद्धत आहे, थरथरत पाडणारी आहे. आणि ती काळी धूळ फुप्फुसात जाता कामा नये. त्या वाटेला आत्ताच जाऊ नका.

आणि लोड मॉनिटर. स्पिंडलवर भार किती येतो ते मोजून, कड संपत आली की मशीन स्वतःच थांबतं. उत्तम गोष्ट आहे. एका कारखान्यात मी ती बसवून दिली, अलार्मची मर्यादा १२० टक्क्यांवर लावली. तीन आठवड्यांनी परत गेलो तर मर्यादा १८० वर होती. विचारलं तर म्हणाले, "सारखं थांबत होतं हो."

इथे मला माझ्या प्रश्नाकडे यावं लागतं.

६ जुलै १९९६. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्साकोला विमानतळावर डेल्टा एअरलाइन्सचं एमडी-८८ विमान धावपट्टीवर वेग घेत होतं. डाव्या इंजिनचा पुढचा पंखा ज्या चकतीवर बसतो तो टायटॅनियमचा हब फुटला आणि त्याचे तुकडे विमानाची भिंत फोडून आत शिरले. एक आई आणि तिचा मुलगा जागच्या जागी गेले. चौकशी झाली ती अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाकडून, आणि तिचा अहवाल ज्याला भोकं पाडून पोट भरायचं आहे अशा प्रत्येकाने वाचावा. हबमध्ये बोल्टसाठी २४ भोकं होती. त्यातल्या एका भोकात, ड्रिल मारताना, काही क्षण धातू बेसुमार तापला. तेवढ्या जागेत त्याची अंतर्गत रचना बदलली, तो कडक आणि ठिसूळ झाला. त्यानंतर भोक बोअर केलं (मापाला मोठं केलं), होन केलं (घासून गुळगुळीत केलं). साइज बरोबर, फिनिश बरोबर. बिघडलेला थर मात्र पुरता निघाला नाही, आणि कारखान्यातल्या तपासणीत तो पकडलाही गेला नाही. तिथून तडा सुरू झाला आणि दर उड्डाणागणिक केसभर सरकत राहिला. विमान कंपनीच्या देखभालीत हबची तपासणी झाली, तेव्हा तो दिसण्याइतका मोठा होता आणि तरीही सुटला. मंडळाने ठपका ठेवताना देखभालीतली चूक आणि ड्रिलिंगमध्ये तयार झालेला तो थर, दोन्हींची नोंद केली.

मी त्या भोकाचा खूप विचार केलाय. ड्रिलखाली चिपा तुंबल्या असतील, कूलंट पोचलं नसेल. काही सेकंदांचा मामला. आवाज बदलला असेल. लोडचा काटा हलला असेल. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाला ते जाणवलं की नाही, हे आता कुणीच सांगू शकत नाही.

त्या अपघातानंतर विमान उद्योगाने एक गोष्ट केली जिचा अर्थ आपल्याकडे अजून नीट पोचलेला नाही. वेल्डिंग, हीट ट्रीटमेंट, प्लेटिंग यांना आपण स्पेशल प्रोसेस म्हणतो, कारण काम झाल्यावर ते आतून बरं झालंय का हे गेज लावून कळत नाही. प्रोसेस सांभाळली तरच भरवसा. इंजिनच्या फिरणाऱ्या जोखमीच्या भागांवरचं साधं ड्रिलिंग, टर्निंग, ब्रोचिंगसुद्धा आता त्याच रांगेत बसवलं गेलंय. नॅडकॅपच्या (विमान उद्योगाच्या पुरवठादारांना मान्यता देणाऱ्या कार्यक्रमाच्या) ऑडिटमध्ये त्याचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे ऑडिटर तुमच्याकडे येऊन पहिल्यांदा मायक्रोमीटर मागणार नाही. तो विचारेल, या भोकाच्या वेळी ड्रिलने आधी किती भोकं पाडली होती? मधे थांबलं होतं का? का थांबलं? पुढे काय केलं? लिहिलंय कुठे?

आता माझी गोष्ट. वीसेक वर्षांपूर्वीची, कारखाना कुठला ते सांगत नाही. आम्ही टायटॅनियमच्या फ्लँज करत होतो, दर फ्लँजला १६ भोकं. प्रोसेस शीटवर लिहिलेलं: एका ड्रिलने ४८ भोकं, म्हणजे तीन फ्लँज, मग ड्रिल बदला. सेकंड शिफ्टला एक बीडकडचा पोरगा होता, जेमतेम वर्ष झालेलं. रात्री साडेदहाला तो केबिनमध्ये आला. म्हणाला, "साहेब, आवाज चिडलाय. मी थांबवलंय." ४१ भोकं झाली होती. मी जाऊन ड्रिल बघितलं, डोळ्यांना काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी माल जायचा होता. आणि ते ड्रिल महाग होतं, महिन्याच्या टूल खर्चावरून मला आधीच दोनदा ऐकून घ्यावं लागलं होतं. मी त्याला म्हटलं, "शीटवर ४८ आहे ना? तू इंजिनिअर आहेस का? मार उरलेली सात."

त्याने मारली. माल गेला, गेजला पास होऊन गेला.

ग्राहकाने त्या लॉटमधली एक फ्लँज कापून मायक्रोस्कोपखाली बघितली. नेमकी तीच सापडली, हे कुणाचं तरी नशीब. शेवटच्या तीन भोकांच्या भिंतीत धातू फरफटलेला आणि बिघडलेला निघाला. सगळा लॉट परत आला. मालकांनी विचारलं, त्या रात्री मशीनवर कोण होतं? रजिस्टरमध्ये पोराचं नाव होतं. त्याचा पगार कापला. मी समोर उभा होतो आणि बोललो नाही. तो महिन्याभरात सोडून गेला.

पेन्साकोलाचा अहवाल मी त्यानंतर वाचला.

म्हणून तुम्हाला सांगतो, मशीन घेण्याआधी काही गोष्टी करा, आणि त्यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत. टूलचा खर्च ऑपरेटरच्या किंवा सुपरवायझरच्या बोनसपासून तोडा, निदान या सेलपुरता, म्हणजे या कामाच्या विभागापुरता. इन्सर्ट वाचवला म्हणून बक्षीस देणं, हे ऑटोच्या कामात ठीक होतं. इथे तुम्ही त्याला कड मरेपर्यंत चालवायचे पैसे देताय. कडेचं आयुष्य मिनिटांत किंवा भोकांत ठरवा, आणि ठरलेल्या आकड्याला ती नवीकोरी दिसली तरी काढा. त्याआधी कुणाला शंका आली तर काढायला त्याला कुणाचीही परवानगी लागू नये. माझ्या त्या शीटवरचे ४८ हा वरचा आकडा होता. मी तो खालचा आकडा म्हणून वापरला.

थांबण्याचं रजिस्टर ठेवा. वेळ, भोक नंबर, काय वाटलं. "आवाज चिडला" एवढं लिहिलं तरी चालेल. त्याच्यापुढे "कारण समाधानकारक नाही" असा शेरा मारायची कुणाला परवानगी नको. ड्रिल भोकात तुटलं तर तुकडा काढून पुढे चालू, हे आपल्याकडे रोज होतं आणि ते कौशल्य समजलं जातं. इथे जॉब बाजूला, लाल टॅग, ग्राहकाला ईमेल. जॉब गेला तर गेला. दहा किलोच्या ठोकळ्यातून एक किलोचा पार्ट काढायचे हे व्यवहार आहेत, एक जॉब भंगारात जाणं परवडत नाही हे मला कळतं. म्हणूनच कोटेशन देताना तो धरा. तुम्ही सायकल टाइम गुणिले मशीन-अवर रेट करून भाव देता आणि मग तो गाठण्यासाठी वेग वाढवता. कार्बाइडसाठी वेग आणि कडेचं आयुष्य जोडणाऱ्या टेलरच्या जुन्या सूत्रातला घातांक ढोबळमानाने ०.२५ धरा: वेग २० टक्के वाढवला की कडेचं आयुष्य निम्म्यावर येतं. शीटवरचा भोकांचा आकडा मात्र कुणी निम्मा करत नाही.

परचेसवाल्याला सांगून ठेवा की ड्रिलचा ब्रँड बदलणं हा आता त्याचा अधिकार नाही. प्रोसेस एकदा ग्राहकाकडून मंजूर झाली की ड्रिल, कूलंट, फीड, क्रम सगळं गोठलेलं. "तसंच आहे, फक्त स्वस्त आहे" हे वाक्य या सेलमध्ये बंद.

आणि टायटॅनियमचा बारीक कीस पेट घेतो. त्यावर पाणी मारायचं नाही, भडका उडतो. धातूच्या आगीसाठीची खास पावडर ठेवा, ती येईपर्यंत कोरडी वाळू. कीस रोज उचला, इतर चिपांत मिसळू नका. वेगळा ठेवला तर त्याला भावही वेगळा मिळतो. हे तरी तुम्ही नक्की ऐकाल.

हे काम आपल्या मातीत नवं नाही. ओझरला १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना आहे, विक्रोळीत गोदरेजकडे इस्रोची 'विकास' नावाची रॉकेट इंजिनं बनतात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला रॉकेट मोटरची आवरणं बनतात. तिथे काम केलेली, निवृत्त झालेली माणसं तुमच्या आसपासच्या सोसायट्यांत सकाळी फिरायला जातात. फाइव्ह-ॲक्सिसच्या डेमोला परदेशी जाण्याआधी त्यातल्या एकाला चार महिने शेडमध्ये बसवा. आपली अडचण अशी की आपण सगळे मोटारींच्या पार्टवर वाढलो. दिवसाला आठशे नग, तीन सेकंद वाचवले तर टाळ्या. त्या सवयीने आपल्याला घर दिलं, गाडी दिली, तिला मी नावं ठेवणार नाही. पण आठ नगांच्या लॉटला ती लावली की ती सात भोकं जास्त मारायला लावते.

मी त्या रात्री ते ड्रिल खिशात घालून घरी नेलं होतं, सकाळी पोराला दाखवायला, की बघ, काही झालंय का याला? ते अजून माझ्याकडे आहे, फिल्मच्या रोलच्या जुन्या डबीत. नुसत्या डोळ्यांना धड दिसतं. दहापट भिंगाखाली बाहेरचा कोपरा गोल झालेला दिसतो आणि त्यावर टायटॅनियमचा लेप बसलेला दिसतो. तुमच्यापैकी कुणाला ते बघायचं असेल तर रविवारी सकाळी दहानंतर या. येताना तुमच्या सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरला घेऊन या.

आपला,
एक निवृत्त सेटर
चिंचवड